राजमान्याला थांबलेली गाडी

सुकलाल नाना म्हणजे माझे सासरे. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे आणि मग तुम्ही म्हणाल, काय तोंडाळ सून आहे ही दिपमाला. तोंडाळ आहेच मी. आमच्या घरात टिकायचं तर दुसरा इलाज नाही.

नाना रेल्वेत होते. चाळीसगाव-धुळे लाईनवर छत्तीस वर्षं पॉइंट्समन. म्हणजे रुळांचे सांधे बदलायचे, बावटा दाखवायचा आणि ड्रायव्हरच्या हातात गोळा द्यायचा. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निघाली नाही. आंघोळीलासुद्धा शिट्टी घालूनच जातात. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, ह्या माणसानं लग्नात अंतरपाट बाजूला व्हायच्या आधी शिट्टी वाजवली होती. खरं-खोटं देव जाणे, पण मला पटतं.

गोळ्याचं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं. एकेरी लाईन असली की दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी पाहिजे. त्याची खात्री काय? तर एक लोखंडी गोळा. चामड्याच्या पिशवीत घातलेला, पिशवी वेताच्या कड्याला अडकवलेली. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी पुढे जाणार. पुढच्या स्टेशनात तो गोळा परत द्यायचा आणि पुढच्या तुकड्याचा नवा घ्यायचा. नाही मिळाला तर गाडी जागची हलायची नाही, मग आत कोणी का बसलेलं असेना. आता तसं काही राहिलं नाही म्हणतात. पण नानांकडून हे मी लग्नानंतर चारशे वेळा तरी ऐकलं असेल, आणि एकदाही लक्ष देऊन ऐकलेलं नाही.

तर रोज सकाळी नाना धुळ्यातल्या आमच्या देवपुरातून सायकल काढायचे, पांझरा नदीचा पूल ओलांडायचे, स्टेशनवर जाऊन चाळीसगावची गाडी बघायचे आणि घरी येऊन जाहीर करायचे, "आज सात मिनिटं लेट." कोणी विचारलेलं नसायचं. मी पोळ्या लाटत असायचे, माझे मिस्टर ज्ञानेश्वर ड्युटीवर निघालेले असायचे. ते एसटीत ड्रायव्हर आहेत. रेल्वेवाल्याचा मुलगा एसटीत लागला, ह्याचं दुःख नानांना अजून आहे.

मागच्या डिसेंबरात पुलावर सायकल घसरली आणि नानांचं मनगट मोडलं. झालं! पुण्याहून जगदीशभाऊ धावत आले. जगदीशभाऊ म्हणजे माझे मोठे दीर. एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. घरात शिरले की आधी गॅसची नळी बघतात, मग माणसांची विचारपूस करतात. त्यांनी सायकलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "नाना, आता पुण्याला चला. सातव्या मजल्यावर लिफ्ट आहे, बाग आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत."

"सातवा मजलावर गाडी येस का?" नानांनी विचारलं.

भाऊंनी तेवढ्यानं विषय सोडला नाही.

आता खरं सांगू? मीही म्हणत होते, घेऊन जा. का म्हणू नये? सायकल बंद झाल्यावर हा माणूस सकाळी नऊपासून माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. आमचं दुकान शाळेजवळ, दहा बाय चौदाचं. वह्या, कंपासपेट्या, बाहुल्या, क्रिकेटच्या बॅटा, राख्या, जे खपेल ते. तिथं नाना स्टुलावर बसणार आणि गिऱ्हाइकांना "पॅसेंजर" म्हणणार. रांग वाकडी झाली की शिट्टी. कोणी दारात उभं राहिलं की, "गाडीना दारमा उभं ऱ्हावू नका." मोतीबिंदू काढल्यापासून नजर तर अशी झाली आहे की समोरच्या फुटपाथवरच्या माणसाच्या सदऱ्याचं कितवं बटण तुटलंय ते सांगतील. एका बाईंनी पेन्सिल परत आणली, तर हे लांबूनच ओरडले, "चावेल शे ती!" बाई परत आल्या नाहीत. मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना म्हणायचे, "नाना, जा ना हो पुण्याला. माझं डोकं तरी शांत होईल." ते म्हणायचे, "दखू." म्हणजे बघू. हा आमचा नेम होता.

संक्रांतीला जगदीशभाऊ आले ते एक मोठं खोकं घेऊन. त्यांचा मुलगा आता मोठा झाला, म्हणून त्याची खेळण्यातली आगगाडी नानांना आणली होती. विजेवर चालणारी. इंजिन, चार डबे, गोल रूळ आणि एक डबी. डबीचं बटण उजवीकडे फिरवलं की गाडी पुढे, डावीकडे फिरवलं की मागे. भाऊंना वाटलं असणार, म्हातारा खूश होईल आणि खुशीत पुण्याला येईल.

नानांनी गोल रूळ मांडलेले पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "गोल फिरस ती जत्रामानी. गाडी जास नि येस."

"नाना, खेळणं आहे ते," मी म्हटलं.

"मग तूच खेय," म्हणाले आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. पण डोळे खोक्यावरच होते. मी ओळखते ना त्यांना.

आठ दिवसांनी प्रस्ताव आला. गाडी दुकानात चालवायची. जमिनीवर जागा नाही, काउंटरवर पोरं हात लावणार, म्हणून वर. छताला टांगून. दारावर चाळीसगाव, काउंटरवर धुळे, मधे जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, अशा स्टेशनांच्या पाट्या. गाडी जाईल आणि येईल. मी कपाळावर हात मारला. पण नानांनी तोवर पुण्याला फोन लावला होता आणि भाऊंना सांगून टाकलं होतं की, मी स्टेशनवर जात नाही ना, तर स्टेशनच माझ्याकडे येतंय, आता पुण्याला यायचं कारण उरलं नाही.

भाऊ चिडले. चिडले की ते कागद काढतात. त्यांनी कागदावर अटी लिहून मोबाईलवर पाठवल्या. नानांनी शिडीवर पाय ठेवायचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ स्वतः येणार. त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला गाडी सुटली पाहिजे. गाडी किंवा तिचा एक डबा जरी खाली पडला, किंवा गाडी एकदा जरी आपोआप बंद पडली, तर नाना मुकाट्यानं बॅग भरून पुण्याला. गाडी नीट चालली, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नानांनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला, छापून आणायला लावला आणि खाली सही केली: सुकलाल, पॉइंट्समन.

मी मनात म्हटलं, सुटले बाई. ही गाडी काही चालत नाही.

गाडी टांगायचं काम नासीरभाईंकडे गेलं. शेजारच्या गाळ्यात त्यांचं कुलर बनवायचं दुकान आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाला दुसरं काही नसलं तरी चालतं, कुलर लागतो, त्यामुळे नासीरभाई म्हणजे देवपुरातला मोठा माणूस. पत्रा कसा वाकवायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. गाडी कशी चालते, हे मात्र त्यांना कोणीच शिकवलेलं नव्हतं.

त्यांनी स्लॅबला भोकं पाडली, आटे पाडलेल्या सळ्या सोडल्या आणि त्यांवर दारापासून काउंटरपर्यंत दोन भिंतींच्या कडेनं लाकडी फळी टांगली. फळीवर नवे सरळ रूळ आणून ठोकले, वळणावर खोक्यातले गोल. नानांनी खाली स्टुलावर बसून शिट्टी वाजवली, बटण फिरवलं. गाडी डौलात निघाली, वळणावर आली आणि शेवटचा डबा सुटून खाली चित्रकलेची वही बघत असलेल्या शिक्षिकाबाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला. बाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. "हलू नका," नाना म्हणाले, "पॅसेंजर डबा शे." मी त्या दिवशी बाईंना दोन वह्या फुकट दिल्या.

नासीरभाईंना वाईट वाटलं. "भाभी, फिकर नका करू. आता गिरनाच नाही, असं करतो." आणि त्यांनी फळी काढून पत्र्याचा खोल ट्रे बसवला. दोन्ही बाजूंना चांगल्या वीतभर भिंती. गाडी खरंच पडली नाही. कारण ती दिसलीच नाही! खालून नुसता पत्रा दिसायचा आणि आतून खडखड ऐकू यायची. गिऱ्हाइकं विचारायला लागली, दुकानात पन्हळ कशाला बसवली? नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नासीर, हाई गाडी शे का उंदीर शे?"

त्याहून मोठी गंमत पुढेच होती. नाना बटणाला हात लावायच्या आधीच गाडी हळूहळू धुळ्याकडे यायला लागली. आपोआप. नाना खूश, त्यांना वाटलं गाडीला घरची ओढ लागली. मी नासीरभाईंना बोलावलं. ते ट्रेकडे बघतच राहिले आणि मग त्यांनी जीभ चावली. तीस वर्षं कुलरचे ट्रे बनवले, प्रत्येक ट्रेला पाणी वाहून जायला ढाळ दिला, तसा ह्यालाही दिला होता. "हाताची आदत हो भाभी," म्हणाले. "ट्रे बनवला आणि ढाळ नाही दिला, तर मला रात्री झोप नाही येत." मी म्हटलं, "नासीरभाई, ह्यात कोण पाणी सोडणार आहे?" ते म्हणाले, "ते बी खरं आहे."

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी डोकं चालवलं. ट्रेचा तळ काढून कुलरची जाळी बसवली, म्हणजे खालून चाकं दिसतात. बाजूच्या पत्र्याच्या भिंती कापून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या. पाण्याची नळी धरून लेव्हल काढली, मनावर दगड ठेवून ढाळ काढून टाकला. नानांनी डब्यांना निळा रंग दिला आणि शेवटच्या डब्यालाही पुठ्ठ्याचं इंजिनाचं तोंड चिकटवलं, कारण हल्ली गाडीला दोन्हीकडे तोंड असतं.

राहिला पंखा. पंखा जोरात लावला की वरचा वारा डब्यांना हलवायचा. नासीरभाईंनी डब्यांत नट भरून वजन वाढवलं, तरी पंखा दोनच्या पुढे न्यायचा नाही, असा नानांनी हुकूम काढला. एप्रिल महिना, धुळ्याचं ऊन, आणि पंखा दोनवर! मी घामानं थबथबलेली आणि हे म्हणतात, "गाडीले वारा लागस." मी म्हटलं, "आणि मला?" तर म्हणाले, "तू कुठे पडी ऱ्हायनी?"

शेवटची मागणी गोळ्याची होती. गोळ्याशिवाय गाडी सुटली तर ती गाडीच नाही, म्हणाले. घरातल्या जुन्या पाळण्याचा एक पितळी गोळा होता, लिंबाएवढा. नासीरभाईंनी पत्र्याची एक पेटी करून काउंटरवर बसवली, वर वाटीसारखा खळगा, खळग्यात कुलरचं बटण. गोळा खळग्यात ठेवला की वजनानं बटण दाबलं जाणार आणि रुळात वीज जाणार. उचलला की गाडी बंद. पोरं वेडी झाली त्या गोळ्यापायी. एक वही घेतली की एकदा गोळा ठेवायला मिळतो, असं मीच सुरू केलं. काय करणार, धंदा आहे. त्या महिन्यात देवपुरातल्या पोरांना वह्यांची फार गरज पडायला लागली.

आणि आखाजी आली.

आखाजीला आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पोळी खातात, सासरच्यांच्या नावानं बोटं मोडतात. माझं माहेर पिंपळनेर. चौदा वर्षांत माझी एक आखाजी चुकली नव्हती. ह्या वर्षी गेले नाही. आईचा फोन आला, तिला सांगितलं, दुकानात माल यायचा आहे. ज्ञानेश्वर म्हणाले, "कसला माल?" मी म्हटलं, "तुम्ही तुमची बस बघा."

सकाळी सासूबाईंच्या नावाची घागर भरली, नैवेद्य दाखवला आणि नऊला दुकान उघडलं. जगदीशभाऊ आधीच दारात उभे. हातात कागद, पेन आणि घड्याळ. नानांनी धुतलेला सदरा घातला होता, हातात हिरवा बावटा. पहिला गोळा भाऊंनाच ठेवायला दिला. भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा माझ्या पाळण्याचा," ते म्हणाले.

"तुना नि ज्ञानेश्वरना," नाना म्हणाले. "ठेव आते. लेट व्हई ऱ्हायनं."

गाडी नऊला सुटली. साडेनऊला सुटली. दहाला सुटली. भाऊ प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होते. दुपारी नासीरभाई ईदला उरलेल्या शेवयांचा शीरखुर्मा घेऊन आले आणि डोळे मिटून गाडीखाली उभे राहिले. दुआ मागत होते की ढाळ आठवत होते, कोण जाणे. चारपर्यंत भाऊंचा चेहरा थोडा मऊ झाला. नानांचा तर असा फुलला होता की मला रागच आला. म्हटलं, झालं, हा माणूस आता जन्मभर माझ्या उरावर. त्यांना दोनदा पाणी नेऊन दिलं, घ्यायला तयार नाहीत. "ड्युटीवर शे," म्हणे.

साडेपाचची गाडी. तिच्यानंतर फक्त सहाची, की खेळ संपला.

एका मुलीनं गोळा खळग्यात ठेवला, आईबरोबर निघून गेली. नानांनी शिट्टी वाजवली, बटण फिरवलं, बावटा वर केला. गाडी चाळीसगावहून निघाली. जामदा गेलं. राजमान्याच्या पाटीमागे शिरली. आणि तिथंच थांबली.

जगदीशभाऊ शिरूडच्या खाली मान वर करून उभे होते, पाठ काउंटरकडे. पाटीआड इंजिन घुंई घुंई करत होतं, पण पुढे येत नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांची नजर राजमान्यावर खिळली होती. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. वर धरलेला बावटा हळूहळू खाली आला.

मला त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. उद्या सकाळी मी शटर वर करीन आणि स्टूल रिकामं असेल, एवढंच डोळ्यांपुढे आलं. माझा हात गेला, खळग्यातला गोळा उचलला आणि मुठीत घट्ट धरला. घुंई घुंई बंद झाली. नानांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"थांबली!" भाऊ वळले. "नाना, गाडी बंद पडली."

"बंद कुठं पडली?" मी म्हटलं. "थांबवलीय. मी." आणि मूठ उघडून गोळा दाखवला.

भाऊंनी गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "का?"

"का म्हणजे? राजमानं आलं ना. जामदा नुसता थांबा, चाळीसगावचा गोळा राजमान्यापर्यंतच चालतो. तिथं तो परत द्यायचा, शिरूडच्या तुकड्याचा नवा घ्यायचा, मग गाडी पुढे. एकेरी लाईन आहे भाऊ. गोळ्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी पुढे नेली तर त्याची नोकरी जाते. तुम्ही तर लहानपणी नानांबरोबर फलाटावर कडं धरून उभे राहायचे म्हणे. विसरलात?"

दुकानात चिटपाखरू नव्हतं. पंखा दोनवर फिरत होता. नाना माझ्याकडे असे बघत होते की जणू मी आत्ताच ह्या घरात सून म्हणून आले आहे.

"सकाळपासून सोळा... सतरा गाड्या गेल्या," भाऊ म्हणाले. "एकदाही राजमान्याला गोळा बदलला नाही."

"सकाळपासून चूकच चालली होती. माझ्या आत्ता लक्षात आलं."

"नाना, असा नियम आहे?"

"नियम शे," नाना म्हणाले. "बराबर बोली ऱ्हायनी ती."

"मग द्या नवा गोळा. सोडा गाडी."

झाली ना पंचाईत! गोळा ठेवला आणि गाडी हललीच नाही तर? मी गोळा पदराआड केला. "आत्ता नाही सोडता येणार. क्रॉसिंग आहे. समोरून गाडी यायची आहे."

"कुठली गाडी?"

"तुमची," मी म्हटलं. "सात वाजताची पुण्याची ट्रॅव्हल्स. ती सुटली की लाईन क्लियर."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. सेफ्टी ऑफिसर माणूस, खोटं पकडायचाच पगार घेतात ते. मला वाटलं, आता शिडी मागतील. पण त्यांनी खिशातून तो कागद काढला, अट पुन्हा एकदा वाचली, 'आपोआप' ह्या शब्दाखाली रेघ मारली आणि हसले. लहानपणी कडं धरून उभं राहिल्यावर हसत असतील तसे.

"आपोआप बंद पडलेली नाही," ते म्हणाले. "स्टेशनमास्तरनं थांबवलेली आहे." कागदाची घडी करून त्यांनी ती नानांच्या खिशात घातली. वाकून पाया पडले. सायकलीची किल्ली मात्र परत दिली नाही. जाताना दारात थांबून मला म्हणाले, "दिपमाला, तू तर रोज म्हणतेस, न्या ह्यांना."

"रोजच म्हणते," मी म्हटलं. "उद्याही म्हणीन."

भाऊ गेले. मी शटर अर्ध्यावर ओढलं, शिडी लावली आणि वर चढले. काय बिघडलं ते बघायला पाहिजे होतं. राजमान्याच्या पाटीमागे डोकावले आणि अशी किंचाळले की नासीरभाई हातातला पत्रा टाकून धावत आले. इंजिनाच्या पुढच्या चाकाखाली एक शेपूट अडकलं होतं. वळवळत होतं अजून. आणि शेपटाची मालकीण, चांगली गलेलठ्ठ पाल, शिरूडच्या पाटीवर बसून माझ्याकडे रागानं बघत होती.

"पाल!" मी ओरडले. "नाना, पाल आडवी आली होती! गाडी बिघडलेलीच नाही!"

"माले माहीत शे," नाना खालून म्हणाले.

मी शिडीवर तशीच राहिले. "काय माहीत आहे?"

"पाल. मी जाळीमाईन दखी व्हती ना." आणि शांतपणे डोळ्याकडे बोट नेलं. "मोतीबिंदू काढेल शे मना."

"मग बोलला का नाही?" माझा पारा चढला. "जनावर लाईनवर आलं तर तो गाडीचा दोष नसतो, असं तुम्हीच सांगता! म्हैस आडवी आली त्या वेळचं सांगता, बैल आला त्याचं सांगता! तेवढं भाऊंना म्हणाला असतात तर संपलं असतं. मला कशाला खोटं बोलायला लावलंत?"

"बोलणारच व्हतू. तोंड उघडं बी." नाना स्टुलावर बसले. हसत होते की काय होत होतं त्यांना, कळेना. "तेवढामा तुना हात गोळावर गया. मग मी तोंड मिटी लिधं. म्हटलं, रोज सकाळी माले पुन्याले धाडस ही. दखू तरी, खरंच धाडस का." मग म्हणाले, "नि तुले तं बठ्ठं पाठ शे व! राजमानं, शिरूड, क्रॉसिंग. माले वाटे, तू आयकतच नही."

खाली उतरले. भयंकर रागावले होते मी. शेपूट काढायला नासीरभाईंना वर पाठवलं, पंखा पाचवर केला आणि नानांना सांगितलं, की पुन्हा माझ्याशी असा डाव खेळलात तर बघा. ह्यापायी मी आखाजीला पिंपळनेरला गेले नाही. आणि मला रडू आलं. नानांनी हातातला बावटा माझ्यापुढे केला, डोळे पुसायला. बावट्याला तेलाचा वास येत होता. तरी मी पुसले.

सहाची गाडी सहा वाजून बावीस मिनिटांनी सुटली. नानांनी जाहीर केलं, "बावीस मिनिटं लेट."

गोळा मी त्या दिवसापासून काउंटरवर ठेवत नाही. तो माझ्याकडे असतो. रोज सकाळी नऊला नाना माझ्यापुढे हात करतात. मी आधी म्हणते, "जा ना हो पुण्याला, माझं डोकं तरी शांत होईल." ते म्हणतात, "दे मग गोळा, जास." मी म्हणते, "लाईन क्लियर नाही." आणि दुकान उघडते.